बॅटरी बदलण्याआधी गळती शोधा

गच्चीवरची टाकी रोज रात्री रिकामी होत असेल तर आपण लगेच नवी टाकी आणत नाही. कुठला नळ ठिबकतोय ते आधी बघतो. गाडीची बॅटरी उतरली की मात्र तडक दुकान गाठतो. मीही तेच केलं. दीड वर्षात दोन नव्या बॅटऱ्या बसवल्या, तरी गाडी चार दिवस उभी राहिली की पाचव्या दिवशी चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक् टक्’. सोसायटीतल्या मुलांना धक्का मारायला बोलवायचीही लाज वाटू लागली. शेवटी एका रविवारी मल्टिमीटर घेऊन बसलो आणि दुपारपर्यंत दोष सापडला. तीच पद्धत इथे क्रमाने देतो.

शोध तीनच प्रश्नांचा आहे: टाकी फुटकी आहे का, म्हणजे बॅटरीच संपली आहे का? टाकी भरत नाही का, म्हणजे अल्टरनेटर कमी पडतोय का? की गाडी बंद असताना कुठला तरी नळ चालू राहतोय?

ही कृती १२ व्होल्टच्या बॅटरीच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांसाठी आहे. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड नारंगी केबलींना हात लावू नका.

साहित्य

१० अँपिअरचं वेगळं सॉकेट असलेला डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना (काही गाड्यांना वेगळा लागतो), बॅटरी चार्जर, जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा, गरम पाणी, पेट्रोलियम जेली, रबरी हातमोजे, चष्मा.

सावधगिरी

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ काडी, विडी, ठिणगी नको. आत गंधकाम्ल असतं, ते डोळ्यांत उडू देऊ नका. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.

१. टर्मिनल साफ करा

निम्म्या तक्रारी इथेच मिटू शकतात, म्हणून सुरुवात इथून. गाडी बंद करून आधी निगेटिव्ह केबल काढा, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलटा क्रम: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो.

खांबांवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर सोडा घातलेलं गरम पाणी टाकून ब्रशने घासा. बॅटरीची झाकणं घट्ट असू द्या, सोड्याचं पाणी आत जाता कामा नये. कोरडं पुसा, केबल घट्ट आवळा, वरून जेलीचा पातळ हात फिरवा. हाताने पिळून क्लॅम्प हलत असेल तर तो सैलच आहे. निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे बोल्टने जोडली आहे तिथला गंजही बघा.

२. बॅटरी भरा आणि एक रात्र ठेवा

अर्धवट चार्ज बॅटरीची कोणतीही तपासणी फसवते. आधी चार्जरने पूर्ण चार्ज करा. बॅटरीच्या एएचचा (अँपिअर-तासांचा) दहावा भाग इतका करंट पुरेसा, म्हणजे ३५ एएचला साधारण ३.५ अँपिअर. ‘गाडी फिरवली की होईल चार्ज’ हा भरवसा खोटा आहे. मंडईपर्यंत जाऊन येण्याने उतरलेली बॅटरी भरत नाही.

मग चार्जर काढा, निगेटिव्ह केबल सोडवून ठेवा आणि सकाळी दोन्ही खांबांवर व्होल्टेज मोजा.

- १२.६ किंवा थोडं जास्त: पूर्ण भरलेली
- १२.४: सुमारे पाऊण
- १२.२: निम्मी
- १२.०: पाव
- ११.८ च्या खाली: रिकामी

काहीही जोडलेलं नसताना रात्रीत व्होल्टेज १२.३ पर्यंत आलं तर दोष बॅटरीतच आहे. १०.५ च्या आसपास आलं तर सहापैकी एक सेल गेला असं समजा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर चार्ज करण्याआधीच पाण्याची पातळी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घाला, आणि चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत भरा. नळाचं पाणी किंवा ॲसिड कधीच नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी लवकर उडतं, तिथे हे वारंवार बघायला हवं.

३. स्टार्टर मारताना आणि इंजिन चालू असताना मोजा

केबल जोडा. एकाने चावी फिरवावी, दुसऱ्याने मीटर बघावा. इंजिन उचलताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरीही ८ वर येत असेल तर तिचं आयुष्य संपत आलं. खात्रीसाठी दुकानात लोड टेस्ट करून घ्या.

इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. हेडलाइट आणि एसीचा पंखा लावूनही १३.५ च्या खाली येऊ नये. १२.५ वरच अडकलं तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरी उकळून मारतोय. काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, म्हणून दहा मिनिटं आकडा बघा आणि मगच ठरवा.

४. गळती मोजा

वरचं सगळं ठीक असेल तर नळ शोधायचा. चावी काढा. बिनचावीची गाडी असेल तर रिमोट घरात ठेवा. आतला फ्यूज बॉक्स गाठायला दार उघडं लागतं, म्हणून दाराच्या कुलपाचा खटका स्क्रूड्रायव्हरने दाबा. गाडीला दार बंद वाटेल. काम संपल्यावर हँडल ओढून खटका सोडवा, मगच दार लावा.

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला. निगेटिव्ह केबल काढा. मीटरचं एक टोक केबलला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. मीटर जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर मीटर जळेल.

सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. अर्धा तास थांबा. मग ०.०२ ते ०.०५ अँपिअर दिसले तर ठीक. माझ्या गाडीत ०.३४ दिसले. चोवीस तासांत ८ एएचहून जास्त, चार दिवसांत ३२. माझी बॅटरी ३५ एएचची. पाचव्या दिवशीच्या ‘टक् टक्’चं गणित त्या क्षणी सुटलं.

५. एकेक फ्यूज काढा

मीटरवर नजर ठेवून एकेक फ्यूज ओढा. आकडा घसरला की झाकणावरच्या तक्त्यात त्या फ्यूजचं नाव बघा. तो परत लावला की गाडी जागी होऊ शकते, पुन्हा थोडं थांबा. माझ्याकडे रेडिओचा फ्यूज काढताच ०.३४ चे ०.०२ झाले.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर संशय अल्टरनेटरच्या डायोडवर आणि स्टार्टरवर, कारण त्यांची जाड तार सहसा थेट बॅटरीला जाते. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या, पण आकडे सांगून द्या.

६. दोष काढा

बहुतेक वेळा गुन्हेगार नंतर बसवलेल्या वस्तूच असतात: स्टिरिओ, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, रिव्हर्स कॅमेरा. स्टिरिओमागे साधारणपणे पिवळी तार कायमच्या करंटची आणि लाल तार चावीवरची असते. माझ्या गाडीत बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून वर काळी टेप गुंडाळली होती, त्यामुळे सेट रात्रभर अर्धा जागा राहायचा. लाल तार सोडवून चावीवरच्या लाइनला फ्यूजसह जोडली, बास.

डिकीचा किंवा ग्लोव्ह बॉक्सचा दिवा झाकण लावल्यावर विझतो का, हे बघायला मोबाइल व्हिडिओ चालू करून आत ठेवा आणि झाकण लावा.

७. पडताळा

केबल जोडण्यापूर्वी गळती पुन्हा मोजा. मीटर काढला की लाल वायर लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत घाला. ती १० अँपिअरमध्ये राहिली आणि तुम्ही पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटरमधूनच शॉर्ट होईल. मग केबल जोडून गाडी तीन दिवस उभी ठेवा आणि व्होल्टेज बघा.

शेवटी तारीख, उभ्या गाडीचं व्होल्टेज, चार्जिंगचं व्होल्टेज आणि गळती हे चार आकडे कागदावर लिहून बॅटरीच्या वॉरंटी कार्डाला जोडून ठेवा. पुढे कोणी ‘बॅटरी गेली, नवी घ्या’ म्हणालं तर आधी तो कागद काढा आणि पुन्हा मोजा. माझी ती दुसरी बॅटरी एक तार हलवल्यानंतर चार वर्षं चालली.