गावातच दंडाधिकारी नेमता येईल का?

प्रश्न : आमच्या गावाहून फौजदारी कोर्ट लांब आहे. किरकोळ मारामारीच्या खटल्यात साक्षीला जायचं तर रोज बुडतो, आणि तिथे गेल्यावर पुढची तारीख मिळते. गावातलाच एखादा सज्जन, शिकलेला माणूस सरकार दंडाधिकारी म्हणून का नेमत नाही?

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आणि तुम्ही सुचवता तो उपाय आपल्याकडे एके काळी होताही. १८९८च्या फौजदारी संहितेखाली सरकार मानद दंडाधिकारी नेमत असे. कायद्याच्या पदवीची सक्ती नव्हती, तरी माणसाला तुरुंगात धाडण्याचा अधिकार मिळे. शिवाय तालुक्यात वसुली करणारा मामलेदारच दंडाधिकारी म्हणूनही बसे. म्हणजे ज्या सरकारने आरोपी पकडला, त्याच सरकारचा महसुली अंमलदार त्याचा न्याय करी. ही व्यवस्था मोडून न्यायदान कार्यकारी अंमलदारांपासून वेगळं करण्यासाठी संविधानात अनुच्छेद ५० आला. मुंबई राज्याने १९५१मध्येच तसा कायदा केला आणि १९७३च्या संहितेने ही फारकत देशभर पक्की केली. तहसीलदार आजही कार्यकारी दंडाधिकारी असतात, पण त्यांच्यापुढे चालतात त्या चॅप्टर केसेस, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र घेणं वगैरे. गुन्ह्याचा खटला चालवून शिक्षा देणं हे न्यायदंडाधिकाऱ्याचं काम.

या पदाचं वजन नीट समजून घ्यायला हवं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो. माझ्या मते त्याहून मोठा अधिकार कोठडीचा आहे. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. अंगावर मार आहे का, अटक खरंच गरजेची होती का, हे पोलिसांना विचारणारा तो पहिला माणूस. ही खुर्ची गावातल्याच कुणाला दिली, तर भावकी, बांधाचे वाद, ग्रामपंचायतीची निवडणूक आणि जात हे सगळं त्याच्या मागोमाग कोर्टात शिरेल. माणूस कितीही सज्जन असला तरी हरलेल्या बाजूचा त्याच्यावर विश्वास बसणार नाही. इंग्लंडमध्ये आजही कायद्याची पदवी नसलेले नागरिक विनावेतन दंडाधिकारी असतात. पण खटला ऐकायला ते बहुधा तिघे मिळून बसतात आणि कायद्याचा जाणकार सल्लागार सोबत असतो.

म्हणून कोर्ट गावाजवळ यावं, न्यायाधीश मात्र गावाबाहेरचा असावा, असं मला ठामपणे वाटतं. आणि नेमका असाच कायदा आपल्याकडे आहे. ग्राम न्यायालय अधिनियम २००८मध्ये संमत झाला आणि २ ऑक्टोबर २००९पासून अमलात आला. त्यातल्या न्यायाधिकाऱ्याची पात्रता प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याइतकीच असते. त्याने ठरावीक काळाने गावोगाव जाऊन काम चालवायचं. २ वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे, २०,००० रुपयांपर्यंतच्या मालाची चोरी, किमान वेतन, कौटुंबिक हिंसाचार, अस्पृश्यतेविरुद्धचा नागरी हक्क संरक्षण कायदा, बायकामुलांची पोटगी अशी प्रकरणं त्याच्याकडे येतात. खटला संक्षिप्त पद्धतीने चालतो, निकालाची प्रत फुकट मिळते आणि फौजदारी अपील सत्र न्यायालयाने ६ महिन्यांत निकाली काढायचं असतं. मजुरी बुडवून साक्षीला जाणाऱ्यासाठी याहून चांगली तजवीज कागदावर तरी सापडणार नाही.

मग ती तुमच्यापर्यंत का पोचली नाही? कायद्याने राज्यांना मुभा दिली, सक्ती केली नाही. केंद्राने सुरुवातीला एका ग्राम न्यायालयामागे १८ लाख रुपये एकरकमी देऊ केले, त्यातले १० लाख इमारतीसाठी होते. रोजच्या खर्चाला मात्र वर्षाला जास्तीत जास्त ३ लाख २० हजार, तेही पहिली ३ वर्षं. पुढचा भार राज्यांवर, म्हणून राज्यं हात आखडतात. वकीलवर्गाचा प्रतिसादही थंड राहिला. पोलीस प्रकरणं नेहमीच्याच कोर्टात नेत राहिले. मुद्रांक विक्रेता आणि नोटरीसुद्धा जवळ मिळेना. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये राज्यांना ४ आठवड्यांत अधिसूचना काढायला सांगितलं, तरी देशाचं मोठं क्षेत्र अजून कोरडंच आहे. गरिबाच्या कोर्टाबाबत ही ढिलाई मला अक्षम्य वाटते.

दुसरी वाट नेहमीच्या तालुका कोर्टाची. तिथे उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून राज्य सरकार न्यायालय स्थापन करतं. न्यायाधीशाचं एक पद मंजूर करून भागत नाही. लघुलेखक, नाझर, बेलीफ, शिपाई, सहायक सरकारी अभियोक्ता, आरोपींना आणणारा पोलीस बंदोबस्त, इमारत, निवासस्थान या सगळ्याला वित्त विभागाची मान्यता लागते. नंतर पद भरायचं ते लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून. बहुतेक प्रस्ताव अडतात ते या खर्चापाशी.

यातली कोणतीही वाट धरायची तर ग्रामसभेत कोर्टाच्या मागणीचा ठराव करून तो जिल्ह्याच्या प्रमुख न्यायाधीशांकडे आणि मंत्रालयातल्या विधी व न्याय विभागाकडे पाठवा. नुसती मागणी लिहू नका. कोर्टाचं अंतर, एसटीच्या वेळा, गावातले किती खटले प्रलंबित आहेत आणि साक्षीदारांच्या किती फेऱ्या वाया गेल्या, हे लिहा. तात्पुरतं कोर्ट भरवायला ग्रामपंचायत एखादी खोली देऊ शकत असेल, तर तेही ठरावात घाला.