शेवटचं ताट कुणाचं?

आसनगावहून लोकल पकडून ठाण्या-मुंबईला कामाला जाणारा माणूस घरी येईपर्यंत रात्रीचे नऊ-दहा वाजतात. मुरबाडच्या एमआयडीसीत पाळी असली, तर वेळेचा काही नेमच नाही. मग पोरं मोबाईल बघत आधी जेवतात, नवरा आला की तो जेवतो, आणि घरची बाई सगळ्यांत शेवटी. तोवर टोपातली डाळ संपलेली असते. ती भात-मिरची खाऊन उठते, कुणाला कळतही नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. कारणं अनेक आहेत. पण हे शेवटचं ताट आपल्या हातातलं आहे.

सगळे एकत्र बसले की कुणाच्या ताटात काय पडलं ते दिसतं. नाचणीची भाकरी, डाळ, शेवग्याचा पाला, सुकट, अंडं, जे असेल ते आधीच वाटून घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला जास्त वाढा. वर लिंबू पिळा, म्हणजे अन्नातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा.

रात्री जमत नसेल, तर सकाळी एकत्र बसा. टीव्ही बंद ठेवा. (शाळेचे मार्क आणि उधारी हे विषयही तेवढा वेळ बंदच!) मोठ्यांचं बघून लहान मूलही पालेभाजी खायला शिकतं.

घरात कुणाला सारखा थकवा येत असेल, दम लागत असेल, तर आशाताईंना सांगा. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात.