धाक आणि विचारपूस

पोरं धाकानेच वळणावर राहतात, असं मी तीस वर्षं मानलं. बँकेत रोजचा हिशोब जुळायचा, तसा घरचाही जुळावा हा माझा हट्ट.

अमेरिकेत बर्कली विद्यापीठात डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात आईबापांचे तीन प्रकार मांडले : नुसता हुकूम सोडणारे, सगळंच चालवून घेणारे, आणि नियम पाळायला लावून मुलाचंही ऐकणारे. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी चौथा प्रकार जोडला, लक्षच न देणाऱ्यांचा.

पहिला आणि तिसरा बाहेरून सारखेच दिसतात. 'सातच्या आत घरात' दोन्हीकडे असतं. पण तिसऱ्या घरी का ते सांगतात, आणि एखाद्या दिवशी आठही चालतात. बॉमरिंडबाईंना याच घरांतली मुलं जास्त स्वावलंबी आढळली.

मी स्वतःला तिसऱ्यात धरत होतो. (कारण मात्र कधीच सांगितलं नाही!) मुलगा आता २९ वर्षांचा. त्याची नोकरी गेल्याचं हिला लगेच कळलं, मला तीन महिन्यांनी. "तुम्ही रागवाल वाटलं, बाबा."

परवा मीच फोन लावला. सल्ला जिभेवर आला होता, तो गिळला आणि "जेवलास का?" एवढंच विचारलं. चांगला अर्धा तास बोलत होता.