सैनिकी जीवन : जमा आणि खर्च

[सैन्यात जावे असे अनेक मुलामुलींना वाटते. गणवेश, मान आणि पगार आपल्याला दिसतात. पण या सेवेत मिळते काय आणि द्यावे लागते काय, याचा विचार फार थोडे जण करतात. प्रस्तुत पाठात लेखकाने या दोन्ही बाजू समजावून सांगितल्या आहेत.]

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या सोलापूर शहरात ‘लष्कर’ नावाचा भाग आहे. तुमच्यापैकी काही जण तेथेच राहत असतील. इंग्रजांच्या काळात सोलापुरात सैन्याची छावणी होती. छावणी गेली, पण नाव राहिले. ‘लष्कर’ हा शब्द तुम्हांला परका वाटत नाही. फौज, शिपाई, हवालदार, सुभेदार, हुकूम, तैनात हे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. मराठीने ते फारसी-अरबीतून घेतले आणि आपलेसे केले. असाच आणखी एक शब्द आहे, ‘रजा’. तो मात्र ध्यानात ठेवा. त्याच्याकडे आपण शेवटी वळणार आहोत.

एके दिवशी मधल्या सुट्टीत दहावीतला एक मुलगा माझ्याकडे आला. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात आणि आई विड्या वळते. घरात धाकट्या दोन बहिणी आहेत. तो म्हणाला, “सर, मी फौजेत जाऊ का? अब्बा म्हणतात, जा. अम्मी म्हणते, नको. तुम्ही सांगा.”

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. पुढच्या तासाला फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढली. एका बाजूला लिहिले ‘जमा’ आणि दुसऱ्या बाजूला लिहिले ‘खर्च’. मग सगळ्या वर्गाने मिळून तो फळा भरला. तोच फळा आज मी तुमच्यापुढे ठेवत आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. मुलांनी सर्वांत आधी पगार सांगितला. ते बरोबरच आहे. भाकरीची चिंता असलेल्या घराला दरमहा ठरलेल्या दिवशी येणारा पगार म्हणजे मोठा आधार असतो. सैनिकाला राहण्याची जागा, जेवण, गणवेश आणि औषधपाणी सरकारकडून मिळते. त्यामुळे पगारातील बरीच रक्कम घरी पाठवता येते.

दुसरी जमा शिक्षणाची. सैन्यात फक्त बंदूक चालवणारेच लोक नसतात. तेथे वाहनचालक, यंत्र दुरुस्त करणारे कारागीर, बिनतारी संदेश पाठवणारे, स्वयंपाकी, परिचारिका, डॉक्टर आणि अभियंते असतात. तेथे शिकलेले काम पुढे आयुष्यभर उपयोगी पडते. वेळेवर उठणे, आपली वस्तू जागेवर ठेवणे आणि दिलेला शब्द पाळणे या सवयीही अंगी बाणतात.

तिसरी जमा मला फार मोलाची वाटते. सैन्यात निरनिराळ्या प्रांतांचे, भाषांचे आणि धर्मांचे जवान एकत्र राहतात, एकाच ठिकाणी जेवतात आणि संकटात एकमेकांवर विसंबतात. सैन्यात पंडित, ग्रंथी, पाद्री आणि मौलवी अशी धर्मशिक्षकांची पदे आहेत. कित्येक ठिकाणी एकाच छपराखाली सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे असतात.

चौथी जमा म्हणजे मान. हवालदार अब्दुल हमीद यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यात धामूपूर नावाचे लहानसे गाव आहे. तेथील एका शिंप्याचा हा मुलगा. १९६५ च्या युद्धात पंजाबातील खेमकरण भागात शत्रूचे पॅटन रणगाडे चालून आले. अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने एकामागून एक रणगाडे निकामी केले. १० सप्टेंबर १९६५ रोजी त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. परमवीरचक्र हा युद्धातील शौर्याचा देशातील सर्वोच्च सन्मान आहे.

इतके लिहून होईपर्यंत फळ्याची डावी बाजू भरून गेली. मुले खूश झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, “सर, अब्दुल हमीद यांचे वय तेव्हा किती होते?” मी सांगितले, “बत्तीस वर्षे.” वर्ग एकदम शांत झाला. मग आम्ही उजव्या बाजूकडे वळलो.

खर्चाच्या बाजूला पहिली नोंद दूर राहण्याची. ईद असो, दिवाळी असो, बहिणीचे लग्न असो की वडिलांचे आजारपण असो, हुकूम असेल तेथे सैनिकाला राहावे लागते. सियाचीनच्या हिमनदीवर पाच हजार मीटरपेक्षाही अधिक उंचीवर चौक्या आहेत. तेथे हिवाळ्यात तापमान शून्याखाली चाळीस अंशांपेक्षाही खाली जाते. अशा ठिकाणी शत्रूच्या गोळीइतकीच थंडीचीही भीती असते. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या मुलाने याची कल्पना करून पाहावी.

दुसरी नोंद स्वातंत्र्याची. शिस्तीसाठी सैनिकाला काही हक्क बाजूला ठेवावे लागतात. त्याला राजकीय पक्षात किंवा कामगार संघटनेत जाता येत नाही. मनाला आले म्हणून नोकरी सोडून घरी येता येत नाही.

तिसरी नोंद नोकरीच्या मुदतीची. पूर्वी भरती झालेल्या जवानाला पंधरा वर्षे सेवा केल्यावर निवृत्तिवेतन मिळत असे. २०२२ मध्ये सरकारने ‘अग्निपथ’ योजना आणली. या योजनेतील जवानाला ‘अग्निवीर’ म्हणतात. त्याची सेवा चार वर्षांची असते. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये वेतन ठरवण्यात आले. त्यातील तीस टक्के रक्कम ‘सेवानिधी’त जाते आणि तेवढीच रक्कम सरकार घालते. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतील, असे योजना जाहीर होताना सांगण्यात आले. अग्निवीराचा ४८ लाख रुपयांचा विमाही असतो. परंतु योजनेच्या मूळ नियमांप्रमाणे चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवानांनाच पुढे कायम सेवेत घेतले जाते. उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही. म्हणजे अठराव्या वर्षी गेलेला मुलगा बाविसाव्या वर्षी पुन्हा नोकरीच्या शोधात उभा राहू शकतो. हातात पैसे असतील, पण शिक्षण अर्धवट असेल तर ते पैसे किती दिवस पुरणार?

चौथी नोंद सर्वांत जड आहे. ती शरीराची आणि प्राणांची. आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी २९ नोव्हेंबर २०१६ रोजी जम्मूजवळील नगरोटा येथे अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडले. त्या हल्ल्यात सैन्यातील सात जणांनी प्राण गमावले. पंढरपुरात त्यांना निरोप देण्यासाठी मोठा जनसमुदाय लोटला होता. पण समुदाय संध्याकाळी आपापल्या घरी परततो. वीराच्या घरातील मोकळी जागा मात्र कायम राहते.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. घरोघरी सैनिक असल्यामुळे लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, या एका गावातील ४६ जवान मरण पावले. त्यांच्या आठवणीसाठी इंग्रज सरकारने गावात स्मारक उभारले. गावाला त्याचा अभिमान आहे आणि आजही तेथील तरुण सैन्यात जातात. पण अभिमानाच्या त्या दगडामागे ४६ घरांचे दुःख आहे, हेही आपण विसरू नये.

आता तुम्ही विचाराल, “मग जमा जास्त की खर्च जास्त?” त्याचे उत्तर देण्यापूर्वी मी तुम्हांला एका सैनिकाची हकिकत सांगतो.

मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. ते लहान वयात सैन्यात दाखल झाले आणि तेथे उत्तम मुष्टियोद्धा बनले. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. प्राण वाचले, पण कमरेखालचे शरीर लुळे पडले. ज्या पायांवर उभे राहून ते मुष्टियुद्ध खेळत, ते पाय गेले. उपचार चालू असताना ते पोहू लागले. पाण्यात पायांचे काम त्यांनी हातांकडून करून घेतले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. तेथे पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी विश्वविक्रम करून सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिक किंवा अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये स्वतःच्या बळावर सुवर्णपदक जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले. मात्र देशाने त्यांना ‘पद्मश्री’ दिली ती २०१८ मध्ये, म्हणजे तब्बल ४६ वर्षांनी.

या एकाच माणसाच्या हकिकतीत जमा आणि खर्च दोन्ही आहेत. सैन्याने त्यांना खेळाडू केले. युद्धाने त्यांचे पाय घेतले. त्यांच्या जिद्दीने त्यांना पदक मिळवून दिले. आणि समाज त्यांना बराच काळ विसरून गेला. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र चालू आहे. तेथे चाकांच्या खुर्चीवर बसून जवान खेळतात आणि कामे शिकतात. त्यांतल्या प्रत्येकाला पदक मिळत नाही. प्रत्येकावर चित्रपट निघत नाही. म्हणून पदकाचा हिशोब करून कोणी सैन्यात जाऊ नये.

फळ्यावरच्या दोन बाजूंची बेरीज-वजाबाकी करता येत नाही, हे त्या दिवशी मुलांच्या लक्षात आले. पगार रुपयांत मोजता येतो. आईची रात्रीची जागरणे कशात मोजणार? म्हणून मी त्या मुलाला इतकेच सांगितले, “बाळ, जायचे असेल तर खर्चाची बाजू वाचून जा. जायचे नसेल तर भित्रा म्हणून कोणी हसले तरी वाईट वाटून घेऊ नकोस. रुग्णालयात, शेतात, मागावर आणि शाळेतही देशाची सेवा होते.”

आता ‘रजा’ या शब्दाकडे वळू. मराठीत ‘रजा’ म्हणजे कामावरून मिळालेली सुट्टी. उर्दूत ‘रज़ा’ म्हणजे मर्जी, संमती. सैनिकाला दोन्ही लागतात. घरी येण्यासाठी अधिकाऱ्याची रजा लागते आणि घरून जाण्यासाठी आईवडिलांची रज़ा लागते. कारण खर्चाचा मोठा वाटा घरची माणसेच उचलतात. सातारा जिल्ह्यातील कर्नल संतोष महाडिक यांना नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाडा येथे वीरमरण आले. त्यानंतर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी स्वतः खडतर प्रशिक्षण घेतले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या सैन्यात अधिकारी झाल्या. खर्च किती, हे पुरते ठाऊक असूनही त्यांनी तो मार्ग धरला. याला समजून उचललेले पाऊल म्हणतात.

मुलींनो, हा पाठ तुमच्यासाठीही आहे. पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींना प्रवेश मिळू लागला आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. बारावीनंतरची ही वाट अधिकारीपदाकडे जाते. म्हणून दहावीनंतर घाई करू नका. जवानांच्या भरतीची लेखी परीक्षा २०२५ पासून तेरा भाषांत घेतली जाऊ लागली. त्यांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. तेव्हा भाषेची भीती बाळगू नका. फक्त भरतीचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी ते स्वतः वाचा. पैसे घेऊन भरती करून देतो असे सांगणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी भेटला. त्याने फळ्यावरचे सगळे वहीत उतरवून घेतले होते. तो म्हणाला, “सर, काल रात्री अम्मीला दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. खर्चाची बाजू वाचताना ती उठून आत गेली. मग परत आली आणि म्हणाली, आधी बारावी कर. मग बसून बोलू.”

“आणि तू काय म्हणालास?” मी विचारले.

“मी हो म्हणालो,” तो म्हणाला. “आणि सकाळी धावायला सुरुवात केली.”

शब्दार्थ
छावणी – सैन्याच्या मुक्कामाची जागा
अंगी बाणणे – सवय पक्की होणे
विसंबणे – भरवसा ठेवणे
निकामी करणे – निरुपयोगी करणे
धारातीर्थी पडणे – रणांगणावर मरण येणे
निवृत्तिवेतन – नोकरी संपल्यावर दरमहा मिळणारी रक्कम, पेन्शन
मुष्टियोद्धा – ठोशांनी लढण्याचा खेळ खेळणारा
पुनर्वसन – पुन्हा नीट जगता यावे म्हणून केलेली सोय
नादी लागणे – एखाद्याच्या बोलण्याला भुलणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सोलापुरातील एका भागाला ‘लष्कर’ हे नाव का पडले?
(आ) अपशिंगे गावाला लोक काय म्हणतात?
(इ) अग्निवीराची सेवा किती वर्षांची असते?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मुरलीकांत पेटकर यांच्या हकिकतीत जमा कोणती आणि खर्च कोणता?
(आ) सैनिकाला रजा आणि रज़ा दोन्ही लागतात, असे लेखक का म्हणतो?

३. पाठात आलेले व उर्दूतही वापरले जाणारे आठ शब्द शोधा. त्यांचा अर्थ दोन्ही भाषांत सारखा आहे की वेगळा, ते लिहा.

४. तुम्हांला आवडणारा कोणताही एक व्यवसाय निवडा. त्याचे ‘जमा’ आणि ‘खर्च’ असे दोन रकाने करा आणि ते घरी वाचून दाखवा.