एसक्यूएल जुनं झालं, मग शिकायचं कशाला?

‘एसक्यूएल तर आमच्या वेळचं! मुलीने त्यात सहा महिने कशाला घालवायचे? हल्ली सगळं ऑब्जेक्टचंच आहे ना?’ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांचे पालक असं हमखास विचारतात. शंका रास्त आहे. पण एसक्यूएल आणि ऑब्जेक्टचा हा सामना एकदा होऊन गेलाय.

एडगर कॉड यांनी 1970 मध्ये माहिती तक्त्यांत मांडायची कल्पना दिली. तिच्यावरची भाषा आयबीएममध्ये 1974 मध्ये आकाराला आली, तीच पुढे एसक्यूएल झाली. नंतर ऑब्जेक्ट डेटाबेस आले आणि ओडीएमजी या गटाच्या 1993 च्या मानकातून त्यांना ओक्यूएल ही भाषा मिळाली. दिसायला ती एसक्यूएलची धाकटी बहीणच, तेच सिलेक्ट-फ्रॉम-व्हेअर. फरक वाटेत होता. विद्यार्थ्याच्या विभागप्रमुखाचं नाव हवं असेल, तर एसक्यूएलमध्ये तीन तक्ते जॉइनने जोडावे लागतात. ओक्यूएलमध्ये ‘विद्यार्थी.विभाग.प्रमुख.नाव’ एवढं लिहिलं की झालं. खरंच देखणं!

पण टिंबांची वाट आधी आखलेली असावी लागते. विभागाकडून विद्यार्थ्यांकडे उलट जायचं, तर तो दुवाही रचनाकाराने आधीच ठेवलेला हवा. कोणालाच न सुचलेला प्रश्न साहेबांनी ऐनवेळी विचारला, तर तक्ते हव्या त्या बाजूने जोडता येतात. माझ्या मते एसक्यूएल टिकलं ते मुख्यतः यामुळे. त्यात कंपन्यांचा बहुतेक डेटा तक्त्यांतच होता, ओक्यूएल अनेक उत्पादनांत अर्धवट उतरलं आणि 1999 च्या एसक्यूएल मानकाने ऑब्जेक्टच्या काही सोयी स्वतःतच घेतल्या. ओडीएमजी 2001 मध्ये विसर्जित झाला.

ती टिंबं मात्र गेली नाहीत. जावाच्या प्रोजेक्टमध्ये हायबरनेट वापरणारी मुलं आजही तशीच वाट लिहितात आणि हायबरनेट पाठीमागे तिचं एसक्यूएल बनवतं. गफलत होते ती इथेच. 100 विभागांची यादी मागवली आणि लूपमध्ये प्रत्येकाचे विद्यार्थी विचारले, तर डेटाबेसकडे 101 क्वेऱ्या जाऊ शकतात. कोड दिसतो चार ओळींचा, स्क्रीन मात्र गोल गोल फिरत बसते. हा ‘एन प्लस वन’ मुलाखतीतही विचारला जातो, आणि फक्त टिंबं शिकलेला मुलगा तिथे गडबडतो.

म्हणून आधी पोस्टग्रेएसक्यूएल घ्या. ते फुकट मिळतं. जॉइन, ग्रुप बाय, सबक्वेरी हाताने लिहा आणि एक्स्प्लेनने क्वेरी कशी चालते ते पाहा. मग हायबरनेट. ओक्यूएलसाठी परीक्षेपुरती तयारी पुरे, त्याच्या वेगळ्या सर्टिफिकेटवर पैसे घालवू नका.

पालकांनी फी भरण्याआधी क्लासवाल्यांना एवढंच विचारावं: हायबरनेटने बनवलेलं एसक्यूएल तुम्ही मुलांना स्क्रीनवर दाखवता का? ‘त्याची गरज पडत नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरा क्लास बघा.