‘कशावरून?’ : विचारशक्तीचा एक पाठ

मूल पाठांतराने उत्तरे देऊ लागते; परंतु ते खरे कशावरून, असे विचारताच पुष्कळदा गप्प होते. पुस्तकात आहे, गुरुजींनी सांगितले, एवढाच आधार त्याच्यापाशी असतो. १९७६ सालच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधकबुद्धी यांचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. त्याचा प्रारंभ चौथीच्या वर्गात, घमेलेभर पाण्यावर होऊ शकतो.

साहित्य : पाण्याचे घमेले, पातेले, लोखंडी खिळा, त्याहून जड असा आंब्याच्या वाळलेल्या लाकडाचा ठोकळा, स्टीलची वाटी, बटाटा, मीठ.

पाठाची मांडणी : वस्तू पाण्यात सोडण्यापूर्वी ती बुडेल की तरंगेल, हे प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्यावे. मत आधी नोंदले म्हणजे निकाल पाहून ते बदलता येत नाही. ‘जड वस्तू बुडते, हलकी तरंगते’, असे बहुतेक मुले सांगतील. शिक्षकाने ते चूक म्हणू नये, बरोबरही म्हणू नये; फळ्यावर लिहून ठेवावे. मग हलका खिळा बुडतो, जड ठोकळा तरंगतो आणि नियम मुलांच्या डोळ्यांदेखत मोडतो. ‘धातू बुडतो’ असा दुसरा नियम निघाल्यास वाटी अलगद पाण्यावर ठेवावी. ती तरंगते, पाण्याने भरली की तीच बुडते. शेवटी पातेल्यातील साध्या पाण्यात बुडालेला बटाटा, मूठमूठ मीठ विरघळवीत गेल्यास वर येतो. वस्तू तीच, पाणी बदलले! वस्तूचे वजन तिच्याएवढ्याच आकारमानाच्या पाण्याशी ताडून पाहावे लागते, येथवर वर्ग पोचला तर उत्तम; न पोचल्यास घाई करू नये.

व्यवहाराशी सांगड : भातशेतीच्या भागात पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकतात. तरंगणारे पोचट बी काढून टाकतात. तळाचे भरीव बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवितात. घरी हे पाहिलेल्या मुलाला त्याचे कारण वर्गापुढे मांडू द्यावे.

दक्षता : चुकलेल्या मुलाला कोणी हसू नये. ‘बरोबर’ हा शब्द लवकर उच्चारला की वर्गाचा विचार तेथेच थांबतो. ‘कशावरून?’ हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारावा. एरवी तो ऐकताच आपले चुकले, असे मूल धरून चालते. आणि मुलाने तोच प्रश्न शिक्षकाला विचारला, तर त्याला उद्धट समजू नये. पाठ साधला, असे समजावे.