अकरावीचा अर्ज आणि संशोधनाची वाट

दहावीचा निकाल लागून अकरावीचा अर्ज पुढ्यात आला, की ज्या घरात मुलाला प्राण्यांची ओढ आहे तेथे, ‘त्याला इंजिनिअर व्हायचे नाही, मग गणित सोडले तर चालेल ना?’ हा प्रश्न हमखास निघतो. वन्यजीव, पशुआनुवंशिकी वा मृदा-अभियांत्रिकी यांपैकी कोणत्याही क्षेत्रात ज्याला संशोधन करावयाचे आहे, त्याने गणित सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन वाघांचे पट्टे कधीही सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दुतर्फा लावलेल्या कॅमेऱ्यांतील छायाचित्रांवरून एकेक वाघ ओळखता येतो. परंतु जे वाघ कॅमेऱ्यासमोर आलेच नाहीत त्यांचा अंदाज, आलेले वाघ पुनःपुन्हा किती वेळा टिपले गेले यावरून, संभाव्यतेच्या गणितानेच बांधावा लागतो.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे कार्य तर याहून बोलके आहे. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते, आणि सुंदरबनाकडची लहानखुरी गॅरोल मेंढी एका विशिष्ट जनुकामुळे अनेकदा जुळी देते, हे ध्यानी घेऊन संस्थेने तो जनुक संकराने दख्खनी मेंढीत आणला व ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी सिद्ध केली. नराजवळ त्या जनुकाच्या दोन्ही प्रती असल्या तर त्याच्या प्रत्येक कोकराला एक मिळते, एकच असली तर सरासरीने निम्म्यांना. म्हणून पैदाशीसाठी कोणता नर राखावा याचा निर्णय रक्ताच्या तपासणीवरून होतो. अर्थात जुळ्यांना आईचे दूध पुरते की नाही, हे गोठ्यात बसूनच पाहावे लागते.

मृदा-अभियांत्रिकीची वाट स्थापत्याच्या पदवीतून जाते. पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी काळी माती घरांच्या भिंती तडकवते, कालव्यांचे अस्तर उखडते. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कट्टी यांनी तिच्यावर न फुगणाऱ्या चिकण मातीचा थर देण्याचा उपाय शोधला, तो मोजमापाच्याच बळावर.

पालकांची अर्थप्राप्तीविषयीची चिंता रास्त आहे. पीएच.डी.स पाच-सहा वर्षे सहज लागतात. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, कायम नेमणूक मात्र पुढची गोष्ट आहे. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था व कर्नालचा राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही वन्यजीव व पशुआनुवंशिकीच्या संशोधनाची मोठी ठाणी होत.

तेव्हा अर्जाची मुदत संपण्यापूर्वी मुलाला एक दिवस मेंढपाळाच्या वाड्यावर न्या, त्याचे मन तेथे रमते का ते पाहा, आणि रमले तर अर्जात जीवशास्त्राच्या शेजारी गणितही लिहा.